पात्यांचे पोलाद

पात्यांचे पोलाद : सुरी, चाकू, वस्तरा, विळी, कोयता, तलवार इ. साधनांची धारदार पाती बनविण्यासाठी वापरण्यात येणारे पोलाद. अशा पोलादाकडून मुख्यतः तीन अपेक्षा असतात. आघात किंवा पीळ बसला असता पाते मोडू नये व धारेचे कपचे उडू नयेत (चिवटपणा). एकदा लावलेली धार दीर्घकाळ टिकावी (धारेचा टिकाऊपणा). आणि या दोहोंसाठी मोजावी लागणारी किंमत गिऱ्हाइकाला परवडावी. यांपैकी पहिल्या दोन गुणांचे एकमेकांशी वैर आहे. एक वाढविला की दुसरा बहुधा घटतो, आणि दोन्ही एकदम वाढविण्याचा प्रयत्न केला की किंमत चढते. गंजरोध हा चौथा गुण विसाव्या शतकात या यादीत आला व त्याने जुनी गणिते पुन्हा मांडावयास लावली.

शुद्ध लोखंड मऊ असते व त्याला धार धरत नाही. त्यात थोडा कार्बन मिसळला, ते सुमारे ८०० से. पर्यंत तापविले व पाण्यात किंवा तेलात एकदम बुडविले म्हणजे त्याची अंतर्गत संरचना बदलून मार्टेन्साइट हे अतिशय कठीण रूप तयार होते. लोहाराच्या भाषेत यालाच पाणी देणे म्हणतात. या अवस्थेत पोलाद काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून ते पुन्हा साधारणपणे १५० ते २५० से. पर्यंत बेताने तापवून कठिनतेचा थोडा अंश सोडून द्यावा लागतो व त्या मोबदल्यात चिवटपणा मिळतो. मार्टेन्साइट पुरेसे कठीण होण्यास सु. ०·६ टक्के कार्बन पुरतो. त्याहून अधिक असलेला कार्बन लोखंडाशी किंवा क्रोमियम, व्हॅनेडियम यांसारख्या धातूंशी संयोग पावून कार्बाइडांचे बारीक कण बनवितो. हे कण भोवतालच्या मार्टेन्साइटाहून कठीण असल्यामुळे धारेची झीज रोखतात. परंतु पात्यावर ताण आला असता तडा जाण्यास सुरुवात होते तीही याच कणांपाशी. कण जितके मोठे व जितके दाटीने एकत्र आलेले तितका हा धोका अधिक. तेव्हा पात्याचा कस ठरविताना कार्बाइड किती आहे, याबरोबरच ते कोणत्या धातूचे, केवढे व कसे पसरलेले आहे, हे पाहणे आवश्यक असते. लोहारांना हे अनुभवाने कळत होते. ते डोळ्यांनी पाहता येऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, धातूंचे पृष्ठभाग घासून व अम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत रुळल्यावर.

दक्षिण भारतातील मुशीचे पोलाद : अधिक कार्बनाच्या पोलादाचा सर्वांत जुना व प्रसिद्ध नमुना दक्षिण भारत व श्रीलंका येथे होता. यूरोपीय ग्रंथांत याला ‘वूट्झ’ म्हटले आहे व या शब्दाचा संबंध कन्नडमधील ‘उक्कु’ (पोलाद) या शब्दाशी जोडला जातो. तमिळनाडूतील कोडुमणल व मेल-सिरुवलूर आणि तेलंगणातील कोनसमुद्रम् ही त्याच्या उत्पादनाची ज्ञात स्थळे होत. घडीव लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड व रुईची पाने मातीच्या लहान मुशीत घालून मूस लिंपून बंद करीत व कित्येक तास भट्टीत तापवीत. लाकूड व पाने यांतील कार्बन लोखंडात शिरून ते वितळे आणि मूस सावकाश निवल्यावर फोडली असता हाताच्या मुठीएवढा पोलादाचा गोळा मिळे. त्यात कार्बनाचे प्रमाण सामान्यतः १ ते २ टक्के असे. ही सामग्री पाहिली, तर आजच्या प्रयोगशाळेतील कोणालाही ती अगदी साधी वाटेल. मात्र मुशीचे झाकण किती घट्ट, आच किती वेळ व गोळा किती सावकाश निवू द्यावयाचा, यांवर सर्व काही अवलंबून होते, आणि ते ज्ञान कारागिरांच्या हातात होते, कागदावर नव्हते.

हे पोलाद अरबी व्यापाऱ्यांमार्फत पश्चिम आशियात जाई. नवव्या शतकातील अल्-किंदी याने तलवारींवरील आपल्या निबंधात सरनदीब म्हणजे श्रीलंका येथील पोलादाचा उल्लेख केला आहे. सतराव्या शतकात ताव्हेर्न्ये या फ्रेंच प्रवाशाने गोवळकोंड्याकडील पोलादाची नोंद केली. इंग्रज भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयझी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोनसमुद्रम् येथे गेला, तेव्हा पोलाद खरेदी करण्यासाठी इराणातील इस्फाहानहून आलेला एक व्यापारी त्याला तेथे भेटला. या पोलादापासून घडविलेल्या पात्यांच्या पृष्ठभागावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसे. तीच ‘दमास्कस’ या नावाने जगात गाजली. हवेत उडविलेले रेशमी वस्त्र कापणाऱ्या तलवारींच्या कथा याच पात्यांभोवती गुंफल्या गेल्या.

या कथा व दख्खनमधील प्रत्यक्ष व्यवहार यांत एक विसंगती आढळते. कोनसमुद्रम् महाराष्ट्राच्या सरहद्दीपासून दूर नाही. तरीही मराठ्यांच्या शस्त्रांत यूरोपातून आलेल्या लांब, सरळ पात्यांच्या तलवारींना मोठा मान होता. ‘फिरंग’ हे त्या तलवारीचे नावच तिच्या पात्याचे मूळ सांगते. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ही पाती किनाऱ्यावर येत व येथे त्यांना देशी मूठ बसविली जाई. लांब पाते लवून पुन्हा सरळ व्हावयाचे, तर त्यात कार्बन मध्यम हवा. दीड टक्के कार्बनाच्या पोलादाकडून हा गुण कमीच अपेक्षित असतो. फिरंगेच्या लोकप्रियतेचे हे एक कारण असावे. उपलब्धता व किंमत ही दुसरी कारणे अर्थातच होती.

शेफील्ड : यूरोपात बराच काळ पोलाद तयार करण्याची रीत वेगळी होती. स्वीडनमधून आणलेल्या शुद्ध घडीव लोखंडाच्या सळ्या कोळशाच्या भुकटीत गाडून अनेक दिवस तापवीत. कार्बन बाहेरून आत मुरे व सळईवर फोड येत. म्हणून त्याला फोडांचे पोलाद म्हणत. त्याचा बाहेरचा भाग कठीण व आतला मऊ राही. सळ्यांचे जुडगे करून पुन्हा पुन्हा घडविल्याने हा दोष कमी होई, पण नाहीसा होत नसे. डॉनकॅस्टर येथील घड्याळजी बेंजामिन हन्ट्समन याला घड्याळाच्या कमानींसाठी एकजिनसी पोलाद हवे होते. त्याने १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ फोडांचे पोलाद मुशीत वितळवून ओतण्याची रीत सिद्ध केली. शेफील्डच्या सुरीकारांनी प्रथम हे पोलाद नाकारले. ते घडविण्यास फार कठीण, अशी त्यांची तक्रार होती. हन्ट्समनने ते फ्रान्सला विकण्यास आरंभ केला आणि त्यापासून बनलेल्या फ्रेंच सुऱ्या बाजारात स्पर्धा करू लागल्यावर शेफील्डकरांचे मत बदलले. नवे पोलाद आणि सुरीकार यांच्यातील हा बेबनाव पुढेही पुनःपुन्हा आढळतो.

चांगले पोलाद इतके महाग होते, की ते जेथे धार तेथेच वापरीत. शेफील्डच्या जेवणाच्या सुरीचे पाते पोलादाचे, तर मुठीत शिरणारी शेपटी साध्या लोखंडाची असे व दोन्ही भट्टीत जोडलेली असत. जपानी सुऱ्यांत कठीण पोलादाचा गाभा मऊ लोखंडाच्या आवरणात बसवितात, त्यामागेही बचत व चिवटपणा हे दोन्ही हेतू आहेत. धार ठिसूळ असली तरी पाठ तिला सांभाळून घेते. किंमत उतरविण्याच्या कामी जोशाया मार्शल हीथ याचे नाव विसरले जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यातील नोकरी सोडून त्याने १८३० मध्ये पोर्टो नोव्हो (परंगीपेट्टै) येथे लोखंडाचा कारखाना काढला होता. भारतीय पोलादाच्या रीतीवर त्याने लिहिलेही. १८३९ मध्ये मुशीत मँगॅनीज घालण्याचे पेटंट त्याने इंग्लंडमध्ये घेतले. त्यामुळे स्वस्त ब्रिटिश लोखंडापासूनही घडविण्याजोगे पोलाद मिळू लागले व शेफील्डच्या सुऱ्या स्वस्त झाल्या. हीथला मात्र पेटंटाच्या दाव्यांत आयुष्याची अखेरची वर्षे घालवावी लागली.

मुंबईहून गेलेले नमुने : मुंबई येथील वैद्य डॉ. हेलिनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास वूट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. जेम्स स्टोडार्ट या शस्त्रवैद्यकीय उपकरणे बनविणाऱ्या कारागिराने त्यापासून चाकू घडवून त्याची वाखाणणी केली. पांढऱ्या आचेवर घडविण्यास सरावलेल्या इंग्रज लोहारांच्या ऐरणीवर हे पोलाद बहुधा भुगा होई, कारण ते मंद तांबड्या आचेवरच घडवावे लागते. त्यात कार्बनाचे प्रमाण बेसुमार आहे व ते सर्वत्र सारखे नाही, हे डेव्हिड मशेट यांनी १८०५ मध्ये दाखवून दिले. मायकेल फॅराडे यांना पृथक्करणात थोडे ॲल्युमिना व सिलिका आढळले आणि वूट्झचा गुण त्यांत असावा, अशी त्यांची समजूत झाली. ती चुकीची होती, परंतु तिच्यामुळे फॅराडे व स्टोडार्ट यांनी १८२० व १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेले मिश्र पोलादांचे प्रयोग घडून आले. चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम इ. धातू मिसळून त्यांनी पोलादे बनविली व ऱ्होडियमयुक्त पोलादाचे वस्तरे फॅराडे यांनी मित्रांना भेट दिले. टिकाऊपणाचा शोध किमतीकडे पाठ फिरवून केला, म्हणजे तो कोठवर जातो याचा हा मासला. मिश्र पोलादांचा पद्धतशीर अभ्यास मात्र येथून सुरू झाला. फ्रान्समध्ये प्येअर बेर्त्ये यांनी १८२१ मध्ये क्रोमियमयुक्त पोलाद तयार करून ते सुऱ्यांना योग्य असल्याचे सुचविले होते. रशियात पाव्हेल अनोसोव्ह यांनी झ्लातोऊस्त येथील दीर्घ प्रयोगांनंतर १८४१ मध्ये लहरीदार पोलादावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

भारतात मात्र हा धंदा याच शतकात लयास गेला. स्वस्त आयात पोलाद, कोळशासाठी लागणाऱ्या जंगलांवरील निर्बंध आणि शस्त्रांच्या मागणीत झालेली घट या तिन्हींचा तो परिणाम होता.

अगंज पोलाद : डेव्हिड मशेट यांचे पुत्र रॉबर्ट मशेट यांनी १८६८ मध्ये टंगस्टनयुक्त, हवेतच कठीण होणारे पोलाद शोधले व त्यातून पुढे यंत्रहत्यारांची द्रुतगती पोलादे निघाली. सुरीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना १९१३ सालची आहे. शेफील्डमधील ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेत हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्यासाठी क्रोमियमयुक्त पोलादांची परीक्षा करीत होते. १३ ऑगस्ट १९१३ रोजी ओतलेल्या पोलादात क्रोमियम १२·८ टक्के व कार्बन ०·२४ टक्के होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ते नेहमीच्या अम्लाने कोरले जाईना, यावरून ते सुऱ्यांना उपयोगी पडेल, हे ब्रिअर्ली यांनी ओळखले. मालकांना त्यात रस नव्हता. सुरीकारांनी करून पाहिले, पण हे पोलाद नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक तापमानापासून थंड करावे लागते, हे ठाऊक नसल्याने पाती मऊ राहिली व ‘न कापणारी सुरी’ म्हणून तिची थट्टा झाली. अखेर अर्नेस्ट स्टुअर्ट या सुरीकाराने योग्य आच साधली. व्हिनेगरमध्ये ठेवूनही डाग पडला नाही, तेव्हा ‘स्टेनलेस’ हे नाव त्यानेच सुचविले.

थट्टेत तथ्य अगदीच नव्हते असे नाही. गंज रोखण्यासाठी सु. १२ टक्के क्रोमियम पोलादात विरघळलेल्या स्थितीत राहावे लागते. कार्बन वाढविला की तो क्रोमियम ओढून घेऊन मोठे कार्बाइड बनवितो, त्यामुळे गंजरोधही घटतो व चिवटपणाही. कार्बन कमी ठेवला, तर धार लवकर बसते. जेवणाच्या टेबलावरील सुऱ्यांनी दुसरा मार्ग पत्करला. ‘४४० सी’ या पोलादाने पहिला मार्ग धरला. त्यात कार्बन १ टक्क्याच्या आसपास व क्रोमियम १६ ते १८ टक्के असतो. वस्तऱ्याच्या पात्यांसाठी स्वीडनमध्ये विकसित झालेल्या ‘एईबी-एल’ या पोलादाने तिसरा, अधिक शहाणा मार्ग शोधला : कार्बन सु. ०·६७ टक्के व क्रोमियम १३ टक्के ठेवल्यास मोठे कार्बाइड बनतच नाहीत, पाते ६० रॉकवेलपर्यंत कठीण होते आणि चिवटही राहते. साधी रचना व माफक किंमत यांमुळे याची कदर करण्यास सुरीकारांना बराच काळ लागला.

चूर्ण-धातुविज्ञानाची पोलादे : ओतलेली लगड सावकाश थिजत असताना कार्बाइडांना वाढण्यास वेळ मिळतो. ‘डी-२’ या साचे बनविण्याच्या पोलादात (कार्बन सु. १·५, क्रोमियम सु. १२ टक्के) त्यांचे मोठे पुंजके राहतात, धार टिकते, पण कपचे उडतात. यावर उपाय १९७० च्या सुमारास अमेरिका व स्वीडन येथे व्यापारी प्रमाणावर आला. वितळलेल्या पोलादाच्या धारेवर नायट्रोजनाचा झोत सोडून तिचे बारीक चूर्ण करतात व ते चूर्ण उच्च तापमान व दाब यांखाली घट्ट दाबून एकजीव करतात. प्रत्येक कण क्षणार्धात थिजल्याने कार्बाइड काही मायक्रॉनांहून मोठे होत नाहीत. ही रीत मुळात यंत्रहत्यारांसाठी होती. सुऱ्यांसाठीच खास योजलेले ‘एस-३० व्ही’ (कार्बन १·४५, क्रोमियम १४, व्हॅनेडियम ४ टक्के) २००१ मध्ये आले. ‘एस-९० व्ही’ मध्ये व्हॅनेडियम ९ टक्के असून झीज रोखण्यात ते फार पुढे आहे. उलट ‘३ व्ही’ मध्ये कार्बन ०·८ टक्केच ठेवून चिवटपणा साधला आहे. लॅरिन टॉमस या अमेरिकन धातुवैज्ञानिकाने योजलेले ‘मॅग्नाकट’ २०२१ मध्ये बाजारात आले. त्यात क्रोमियम सु. १०·७ टक्क्यांवर आणून क्रोमियम कार्बाइड जवळजवळ टाळले आहेत, आणि तरीही ते गंजत नाही, कारण त्यातील क्रोमियम कार्बाइडांत न अडकता विरघळलेलाच राहतो.

मापन : रॉकवेल कठिनता व शार्पी आघात परीक्षा यांनी कठिनता व चिवटपणा मोजता येतात. धारेचा टिकाऊपणा मोजण्यासाठी शेफील्डच्या कटलरी अँड अलाइड ट्रेड्स रिसर्च असोसिएशनचे यंत्र प्रमाण मानले गेले व आंतरराष्ट्रीय मानकातही ही पद्धत आली. पाते धार वर करून बसवितात, ५ टक्के सिलिका असलेल्या जाड कागदाची गड्डी ५० न्यूटन बलाने त्यावर दाबून मागेपुढे सरकवितात आणि एकूण किती मिमी. कागद कापला गेला, हे मोजतात.

दमास्कसची कीर्ती या यंत्रापुढे उभी करण्याचे काम जॉन व्हरहोव्हन, अल्फ्रेड पेन्ड्रे व सहकारी यांनी केले. लहरीदार नक्षीचे कारण मूळ लोखंडातील व्हॅनेडियमासारख्या धातूंचा अत्यल्प अंश हे होय, असे त्यांनी १९९८ मध्ये मांडले होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत दमास्कस पोलाद, दोन साधी कार्बन-पोलादे व एक अगंज पोलाद यांची पाती ताडून पाहिली. कठिनता ६१ रॉकवेल ठेवली असता अगंज पोलाद किंचित सरस ठरले. ४१ रॉकवेलवर मात्र दमास्कस किंचित पुढे गेले. जुन्या दमास्कस तलवारी आजच्या सुऱ्यांच्या मानाने पुष्कळ मऊ असत. म्हणजे त्या काळच्या मऊ पात्यांत कार्बाइडांच्या पट्ट्यांनी तिला खरोखरच वरचढ केले असले पाहिजे. पोलादाला पुरती कठिनता देणे सर्वत्र साधू लागल्यावर तो लाभ उरला नाही. कीर्ती खोटी नव्हती. ती एका काळापुरती खरी होती.

या यंत्राच्या आकड्यांचा अर्थ बेताने घ्यावा लागतो. ते घर्षणाने होणारी झीज मोजते. हाडावर आपटून उडालेला कपचा किंवा वळलेली धार मोजत नाही. शिवाय धारेचा कोन लहान केला, तर साधे पोलादही भारी पोलादापुढे जाते, आणि कोन लहान करण्याची मुभा चिवटपणाच देतो. जर्मन स्वयंपाकघरातील सुऱ्या (कार्बन ०·५, क्रोमियम १५ टक्के) ५५ ते ५७ रॉकवेलवरच ठेवतात. धार वळली, की पोलादी दांड्यावर दोन हात मारून ती सरळ होते. जपानी कार्बन-पोलादाची सुरी ६० च्या वर असते व तिला दांडा चालत नाही, पाण्यातला दगडच लागतो.

किंमत : चूर्ण-पोलादाच्या किमतीत मूलद्रव्यांपेक्षा प्रक्रियेचा भाग मोठा असतो. पुढे सुरीकाराचा खर्च सुरू होतो, कारण जी कार्बाइडे कागदाने झिजत नाहीत, ती घासचाकानेही सहज झिजत नाहीत. तोच खर्च घरी धार लावतानाही येतो. क्रोमियम कार्बाइड कुरुंदाच्या दगडाने कापले जाते. व्हॅनेडियम कार्बाइड कुरुंदाहून कठीण असल्याने त्याला हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. रोज सहाणेवर पाते ओढणाऱ्याला महिनाभर टिकणाऱ्या, पण तासभर धार न घेणाऱ्या सुरीचे अप्रूप नसते. ग्रामीण महाराष्ट्रात लोहार कोयते व सुरे ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून घडवितात. या पाट्यांचे पोलाद सु. ०·६ टक्के कार्बनाचे, आघात सोसण्यासाठीच बनविलेले असते. ते भंगाराच्या भावाने मिळते, साध्या भट्टीत घडते, तेलात कठीण होते. ऊस तोडताना कोयत्याचा घाव दगडावर बसला, तर धार बोथट होते. पाते मोडत नाही, आणि बांधावर बसून कानशीने ती पुन्हा लावता येते.